नऊ महिने उभ्याने चहा

खोकला पळून घालवता येतो, अशी माझी पक्की समजूत होती. मी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा माणूस. आमच्या खात्यात दिवसभर कापसाची तूस उडते, तिथे न खोकणारा माणूस शोधायचा तर कंदील घेऊन फिरावं लागेल. त्यामुळे पहिले दोन-तीन महिने मी खोकल्याला जमेतच धरलं नाही. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. माझी बायको इंदू कपाळाला हात लावून म्हणायची, "अहो, ताप आहे." मी म्हणायचो, "पळून आलोय, अंग तापणारच." ज्या दिवशी पळायला गेलो नसेन त्या दिवशीही हेच सांगायचो.

हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात आमच्या चाळीतल्या एका शेजाऱ्याला क्षय निघाला आणि तो दार लावून बसला. त्याच्या बायकोने मला जिन्यात गाठलं. "तुम्ही कसं निभावलंत ते यांना सांगा ना." मी गेलो, त्याच्यासमोर बसलो, आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परत आलो. तोंडाने सांगायला जमेना म्हणून लिहून काढतोय. डॉक्टरकीचं यात काही नाही. ते डॉक्टरला विचारा, आणि मी विचारलं त्याच्या तीन महिने आधी विचारा.

पळपुटे

माझं आजारपण सांगायचं तर आधी आमचं मंडळ सांगावं लागेल. श्री रवळनाथ दौड मंडळ, काळाचौकी. चाळीच्या तळमजल्यावरची एक खोली, दोन बाकं, एक स्टो, रवळनाथाची तसबीर आणि एका शाळेने टाकून दिलेला फळा. आसपासचे लोक आम्हाला पळपुटे म्हणायचे. आम्हीही ते मनावर घेत नव्हतो.

मंडळ काढलं तात्या परबांनी. तात्या गिरणीत फिटर होते, मालवणकडचे, माझ्या आजारपणाच्या वेळी साठी उलटलेली. मुळात त्यांनी हुतूतूचा संघ उभा केला होता आणि दम वाढावा म्हणून गड्यांना पळवायला सुरुवात केली. पुढे संघ भांडणात फुटला, पळणं तेवढं उरलं. दर रविवारी उजाडताना निघायचं. लालबाग, परळ, एल्फिन्स्टनचा पूल, तिथून वरळी कोळीवाड्यापर्यंत आणि त्याच वाटेने परत. कॅनव्हासचे बूट तिघा-चौघांकडेच, बाकी सगळे अनवाणी. दसऱ्याला शर्यत व्हायची. पहिल्याला नारळ आणि शेवटच्यालाही नारळ, कारण तात्यांच्या मते शेवटचा माणूस सगळ्यांत जास्त वेळ पळलेला असतो.

आणि एक नियम होता. निघताना प्रत्येकाने फळ्यावर आपलं नाव आपल्या हाताने लिहायचं, परत आल्यावर आपल्याच हाताने पुसायचं. दुसऱ्याच्या नावाला हात लावायचा नाही. फळा कोरा झाल्याशिवाय बाकावर बसायचं नाही आणि चहा घ्यायचा नाही. हा नियम हौसेने केलेला नव्हता. लढाईच्या दिवसांत मंडळातला एकजण वरळीच्या वाटेवर खड्ड्यात पडला आणि त्याचा पाय मोडला. तो गेला असेल घरी, असं प्रत्येकाला वाटलं. सगळे चहा पिऊन पांगले. दुपारी एका गाडीवाल्याने त्याला आणून चाळीपाशी उतरवला. त्या दिवशी चहा पिणाऱ्यांत तात्याही होते. फळा त्यानंतरच्या आठवड्यात आला.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत जमावबंदी लागली तेव्हा आमची पंचाईत झाली. पाच माणसं एकत्र दिसली की पोलीस हटकायचे, आणि आम्ही तर बारा-तेराजण, तेही धावत. पोलिसासमोर पळणारा माणूस निर्दोष आहे हे त्याला पटवणार कोण? तात्यांनी तोड काढली. चार-चारजणांनी निघायचं, दोन टोळ्यांत विजेच्या दहा खांबांचं अंतर. एका हवालदाराने एकदा आम्हाला थांबवून मोजलं. चारच भरलो. तो मागे वळून पुढच्या चारांकडे बघत म्हणाला, "झालाच पाहिजे म्हणत नाही ना? मग पळा." पुढे बंदी उठली, तरी चारांची सवय राहिली.

कोळीवाड्याच्या तोंडाशी

श्रावणातला रविवार होता. मी, माझ्याच खात्यातला मित्र गजा आणि आणखी दोघं अशी आमची टोळी. कोळीवाड्याच्या तोंडाशी जिथे आम्ही वळायचो, तिथे मला खोकल्याची उबळ आली. रुमाल तोंडाला लावला, काढला, आणि बघतच राहिलो. मी पान खात नाही.

गजाने रुमाल पाहिला आणि माझा दंड धरला. एक कोळीण टोपली घेऊन चालली होती. तिने टोपली खाली ठेवली. "बस रं बाबा, बस. पानी पी." आपल्या घरातून पितळेचा पेला भरून आणला. पाणी पिताना माझे दात पेल्यावर वाजत होते, ते मला अजून ऐकू येतं. गजाने घोडागाडी पकडली आणि मला थेट घरी आणून टाकलं. मंडळाच्या खोलीत मी गेलोच नाही. फळ्यावर माझं नाव तसंच राहिलं, हे त्या दिवशी माझ्या डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. माझ्या बरगड्यांमधून मला समोरची चाळ दिसत होती, गॅलरीत वाळत घातलेल्या चादरींसकट. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "क्षय आहे. डाव्या बाजूला. आता औषधं आली आहेत, बरा होतो. पण इस्पितळात पडून राहावं लागेल. कित्येक महिने."

"आणि पळणं?"

"दत्ताराम, तूर्त चालणंसुद्धा नाही."

इंदूने फक्त एकच विचारलं, "यांचं कपबशी-ताट वेगळं करू?" डॉक्टर हो म्हणाले. तिचं बरोबर होतं, विचारायलाच हवं होतं. तरी मला ते लागलं. त्या संध्याकाळी तिने एक टवका उडालेला कप माझ्यासाठी बाजूला काढला आणि फळीच्या टोकाला एकटा ठेवला. मरणाची भीती वाटलीच, ती सगळ्यांना वाटते. पण त्या कपाकडे बघून जी वाटली ती वेगळी होती. जगलो तरी लोक आता सरकून बसतील, असं मला वाटलं.

पडून राहण्याची नोकरी

इस्पितळात पहाटे थर्मामीटर, मग सुई, मग कडूजहर पुडी. सुईची जागा रोज बदलायची, आज डावी बाजू, उद्या उजवी. पुडीनंतर जीभ दिवसभर मोरीसारखी लागायची. एक सिस्टर गुळाचा खडा आणून द्यायच्या आणि म्हणायच्या, "मी दिलेला नाही हं." थुंकायला झाकणाचा डबा. दुपारी दोन तास बोलायचंही नाही. माझ्यासारख्या पायांत भिंगरी असलेल्या माणसाला यापेक्षा काळं पाणी बरं, असं पहिल्या आठवड्यात वाटलं.

माझ्या शेजारच्या खाटेवर सबनीस होते, गिरगावचे, कचेरीत कारकून. शुद्ध बोलायचे आणि आजारालाही अहोजाहो करायचे. एकदा म्हणाले, "दत्ताराम, तुम्ही झोपेत पाय हलवता. कुठवर जाता?" खरी गोष्ट अशी होती की मी जागेपणीच डोळे मिटून पळत होतो. लालबागचा नाका, परळचं वळण, पुलाचा चढ. पुलावर मला खरोखरच धाप लागायची. सबनिसांनी ते सिस्टरना सांगितलं आणि सिस्टरनी मला रागावून मनातल्या मनात पळायचीही बंदी केली. मी म्हटलं, "मग चालू का?" त्या म्हणाल्या, "सावकाश."

सबनीस रोज वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. मुंबईचं काय होणार, महाराष्ट्र होणार की नाही, यावर खाटा दोन तट पाडून वाद घालायच्या आणि वादाने ताप चढायचा. शेवटी सबनिसांनी तोडगा काढला. घोषणा एकच द्यायची, तीही हळू आवाजात: "प्रत्येकजण बरा झालाच पाहिजे." सगळे झाले नाहीत. एका सकाळी कोपऱ्यातली खाट रिकामी दिसली आणि गादी उन्हात टाकलेली होती. त्या दिवशी कोणी पेपर मागितला नाही.

पण वजनाचा दिवस असायचा. काटा अर्धा पौंड पुढे सरकला की आम्ही मॅट्रिक पास झाल्यासारखे तोंड करून परत यायचो.

गजा एक रविवार सोडून एक यायचा, मंडळाचं पळणं झालं की थेट. आला की आधी स्टूल ओढायचा, त्यावर बसकण मारायचा आणि पाय लांब करून म्हणायचा, "हुश्श, आदी बसान्दे." मग बोलायला लागायचा. मला वाटायचं, हा म्हातारा होत चाललाय.

इंदू

आजार माझा, पण राबली ती. चार वर्षांची आमची सुमन आजोळी कणकवलीला पाठवावी लागली. इंदू घरी पैसे घेऊन पाचजणांना जेवू घालायची, त्यातल्या तिघांनी येणं बंद केलं. नळावर बायका तिची कळशी आपल्या कळशीला लागू देईनात. यातलं ती मला काही सांगायची नाही. मोसंबी सोलायची, आणि माझ्याकडे न बघता बसायची.

दिवाळी झाली आणि एका भेटीच्या वेळी तिचा बांध फुटला. "तुमच्या त्या पळण्यानेच हे झालं. ताप अंगात घेऊन पळत होतात. कशासाठी? नारळासाठी?"

 पळण्याने क्षय होत नाही हे खरं, पण पळण्याआड मी तो लपवला हेही खरं. आणि मलाही एव्हाना वाटू लागलं होतं की आपलं मंडळ संपलं. तिथे मोजून आठ पेले होते, सगळे एकमेकांत प्यायचे. क्षयवाला गडी त्यांना कशाला हवा? त्यांनी सांगण्याआधी आपणच सुटावं. मी म्हटलं, "तू रविवारी जा आणि तात्यांना सांग, दत्ताराम सुटला. फळ्यावर नाव राहिलं असेल तर पुसून ये."

"पुसतेच," ती म्हणाली.

पुढच्या भेटीला ती आली ती वेगळ्याच चेहऱ्याने. स्टुलावर बसली, आणि एकदम हसायला लागली. कित्येक महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"अहो, मी गेले तर सगळे उभे. बाराजण, आळीपाळीने चहा पीत, आणि दोन्ही बाकं रिकामी. एकाच्या पायाला तर पट्टी बांधलेली. मी म्हटलं, बसा हो, माझ्यासाठी कशाला उभे राहता? कोणी बसेना. मग कळलं, माझ्यासाठी नव्हेच."

माझं नाव फळ्यावर होतं. मी लिहून निघालो होतो आणि परत आलो नव्हतो. त्या पहिल्या रविवारी सगळे उन्हं चढेपर्यंत तसेच थांबले, दूध नासलं, तेव्हा तात्यांनी निवाडा केला. माणूस कुठे आहे ते ठाऊक आहे, म्हणून चहाला सूट. बाकाला सूट नाही. तेव्हापासून मंडळ उभ्याने चहा पीत होतं.

इंदूने फडकं मागितलं होतं. तात्यांनी दिलं नाही. म्हणाले, "वैनी, ज्याचा नाव तेनाच पुसूचा. तुमी नाय, मीया नाय."

"ते नाही येणार आता," ती म्हणाली होती.

"मगे आमी उभे ऱ्हवतलो."

हे सांगता सांगता ती हसायची थांबली आणि पदर तोंडाला लावून रडली. मग डोळे पुसून मला दम भरला, "तुम्हाला बरं व्हावंच लागेल. त्या म्हाताऱ्याचे गुडघे जातील, त्याचं पाप माझ्या माथी नको."

मी गजाला फैलावर घेतलं. "सांगितलं का नाहीस?" तो पाय चोळत म्हणाला, "तात्यांनी बजावलेला. आजारी माणसाक घाई करूची नाय."

त्या दिवसापासून मी शहाण्यासारखा पडून राहिलो. कुठे तरी आपली वाट बघतायत, एवढं कळलं की पडून राहणं सोपं जातं. दार लावून बसलेल्या माझ्या शेजाऱ्याला मला हेच सांगायचं होतं.

उरलेली वाट

उन्हाळा लागला तेव्हा माझी थुंकी लागोपाठ तीनदा स्वच्छ आली आणि मला घरी सोडलं. सबनीस माझ्या आधी महिनाभर सुटले होते. महाराष्ट्र झाला, काळाचौकीत रस्तोरस्ती तोरणं लागली, आणि त्या आठवड्यात त्यांचं कार्ड आलं: "राज्य झाले. आता आपले कळवावे."

आपलं म्हणजे फळा. तात्या घरी आले. म्हणाले, "खाली ये, नाव पूस, मोकळो हो." पण आता मीच अडून बसलो. मी वरळीला अर्धी वाट टाकून गाडीतून आलेला माणूस. नाव पुसायचं तर ती वाट पुरी करून पुसीन. डॉक्टर म्हणाले, चाला, पण सावकाश, आणि दमलात की थांबा. इंदूने आकांडतांडव केलं. शेवटी तिनेच तात्यांना विचारलं, "किती वेळात यायचं असतं?"

"नियमात येळ खंय लिवलेली आसा?" तात्या म्हणाले.

"मग मी यांच्याबरोबर चालणार."

मंडळाच्या इतिहासात असं झालं नव्हतं. तात्यांनी रवळनाथाच्या तसबिरीकडे पाहिलं. तसबिरीची काही हरकत दिसली नाही.

रविवारी आम्ही दोघं बसने वरळीला गेलो. ती कोळीण दारात मासळी वाळत घालत होती. "तूच ना रं तो?" तिने पुन्हा पितळेच्या पेल्यात पाणी दिलं, आणि मी रिकामा केलेला पेला तिने इतर पेल्यांत नेऊन ठेवला. इंदूने आणि मी दोघांनीही ते पाहिलं. मग आम्ही चालायला लागलो. इंदूच्या हातात पिशवी, पिशवीत पाणी आणि माझा तो टवका उडालेला कप.

वाटेत मंडळाच्या टोळ्या आम्हाला मागे टाकून गेल्या, चार-चारजणांच्या. कोणी थांबलं नाही, तात्यांची तंबी असणार. फक्त गजा जाताना पुटपुटला, "सावकाश, घाई नाय." एल्फिन्स्टनच्या पुलाखाली इंदूची चप्पल चावायला लागली आणि पुलावर मला धाप लागली. दोघं फरसबंदीवर बसलो. ती म्हणाली, "इथे तुम्ही पळत चढायचात?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "वेडेच आहात." हे ती प्रेमाने म्हणाली, मला कळतं. लालबागला पुन्हा बसलो, मग आणखी एकदा. ऊन चांगलंच चढलं तेव्हा चाळ दिसली.

खोलीत सगळे उभे होते. फळ्यावर एका कोपऱ्यात मांजरपाटाचा तुकडा खिळ्यांनी लावलेला. पावसाळी ओलीने खडू जाईल म्हणून तात्यांनी माझ्या नावावर पडदा घातला होता. मी तो उचलला. नाव जवळजवळ गेलेलंच होतं, "दत्ता" एवढंच वाचता येत होतं. फडकं ओलं करून मी ते पुसलं. 

"बसा रे," तात्या म्हणाले.

सगळे एकदम बसले आणि बाकं अशी करकरली की इंदू दचकली. गजाने तिला जागा करून दिली. ती बाराजणांत बसली, चप्पल काढून टाच चोळत. कोणीतरी चहाचा पेला माझ्या हातात दिला, आठांतलाच एक. पिशवीतला कप इंदूने बाहेर काढलाच नाही.

तात्या मात्र उभेच होते. मी म्हटलं, "तात्या, तुम्ही बसा ना."

"बसतंय रे," ते म्हणाले. "पन गुडघे वाकनत नाय."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आधी नुसताच, मग सगळं वजन टाकून. नऊ महिने लोकांनी मलाच उठवलं होतं, बसवलं होतं, कुशीवर वळवलं होतं. माझ्या अंगावर भार टाकायला कोणी धजलं नव्हतं. तात्या दात आवळून, माझ्या खांद्याला धरून, इंचाइंचाने खाली आले आणि बाकावर टेकले.

खांदा हलला नाही.